काकांना काशीला यायचं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. दादाजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमतंय.

आम्ही काशीतल्या ब्रह्मा घाटावरचे. दादा भिक्षुकी करतो, मी बँकेतून रिटायर झालो. वहिनी गेल्या, मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. यजमान बारा महिने येत राहतात, त्यामुळे सत्तर वर्षांत दादा कुठं म्हणून गेला नव्हता. मीच हट्टाला पेटलो. गढवालात एक गाव आहे — थंडीत बर्फावर स्कीइंग, उन्हाळ्यात ट्रेकिंग, रोपवे तर वर्षभर चालू. पाच दिवसांचं ठरलं. घराला कुलूप लावून निघालो.

दादाला जरा हवापालट, असं मी गल्लीभर सांगितलं होतं. खरं सांगू? मला स्कीइंग शिकायचं होतं. एकसष्टाव्या वर्षी! मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरला होता. तीन दिवसांची शिकवणी होती. पहिल्या दिवशी सारखा पडत होतो, पोरं हसत होती, आणि मी आयुष्यात कधी नव्हतो इतका खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट चढवत होतो, तेवढ्यात माधवचा फोन आला. माधव आमचा आतेभाऊ, जबलपूरचा. आमचे काका त्याच्याकडे राहायचे — त्यांना मूलबाळ नव्हतं. दादाला वेद शिकवला तो काकांनीच. माधव म्हणाला, काका दोन-चार दिवसांचे सोबती आहेत, काशीला ने म्हणून हट्ट धरलाय. तो त्यांना गाडीत घालून निघायलाही तयार होता. आम्ही फक्त घरी पोचून कुलूप काढायचं होतं.

लोक कुठून कुठून आपल्या म्हाताऱ्यांना काशीत देह ठेवायला आणतात. दादाने अशा अनोळखी लोकांना आमची खालची खोली कितीदा तरी उघडून दिली आहे. काका तर त्याच घरात जन्मले होते.

दादा समोरच उन्हात चहा पीत बसला होता. स्वतःचा मोबाइल तो बाळगत नाही. एक हाक मारली असती, तर तासाभरात आम्ही परतीच्या वाटेला लागलो असतो. मी — मी काय केलं? माधवला म्हटलं, तू इतक्यात निघू नकोस, दादाशी बोलून कळवतो. आणि फोन बंद करून स्कीइंगला गेलो.

पुढे मी मनाची समजूत घालून पाहिली — वहिनी गेल्यावर दादा पहिल्यांदा हसत होता, त्याचा आनंद कशाला मोडायचा? खोटं आहे ते. दादा त्या वेळी माझ्या मनातही नव्हता. तिसऱ्या दिवशी आम्हाला वरच्या उतारावर नेणार होते. एवढंच.

तो उतार उतरलो. न पडता. त्या संध्याकाळी फोन चालू केला, तो आदल्या सकाळनंतर पहिल्यांदाच. माधवचे मेसेज — निघू का? दादा काय म्हणाला? काका विचारतायत. शेवटचा दुपारचा होता: काका गेले.

मग मी आणखी नीच झालो. सगळे मेसेज पुसले आणि दादाला सांगितलं — काका गेले, माधवने आधी काहीच कळवलं नाही. दादाने उठून थंड पाण्यानेच स्नान केलं. मग म्हणाला, "दगा दिला रे माधवने. एक फोन तर करायचा."

आठवड्याने माधव अस्थी घेऊन दारात उभा राहिला. रडत होता. म्हणाला, मी फोन केला होता, हे बघा, ह्यात सगळं आहे — मोबाइल पुढे धरत होता. दादाने तो हातात घेतला नाही. "माझा भाऊ माझ्याशी झूठ बोलेल? त्याची तलाशी मी मशीनमध्ये घेऊ?"

"बापू, बोल ना," माधव मला म्हणाला.

मी दादाच्या मागे उभा होतो.

दादाने अस्थी घेतल्या आणि दार लावलं. रात्रभर प्रवास करून आलेल्या माधवला पाणीसुद्धा विचारलं नाही — दादाने! मला फार वाईट वाटलं, असं सांगणार होतो. पण दार बंद झालं तेव्हा आधी मला हायसं वाटलं.

याला चार वर्षं झाली. काकांच्या श्राद्धाला दादा दरवर्षी म्हणतो, माधवमुळे त्यांची काशी अंतरली. मी शेजारी बसून दर्भ पुढे करतो.

गेल्या आठवड्यात माधवच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पाठीमागचं नाव वाचून दादाने ती तशीच, न उघडता माझ्या हातात दिली. परत पाठव म्हणाला. मी पत्त्यावर काट मारली, ठळक अक्षरांत 'परत' लिहिलं आणि पोस्टात टाकून आलो.