आजीचे पहिले बाळंतपण

माणसाचे भाग्य त्याच्या जन्मभूमीत दडलेले असते, हे वाक्य मी पेडण्याच्या शाळेत पंचवीस वर्षे मुलांकडून निबंधात लिहून घेतले. आमच्या घरात कोणाची जन्मभूमी कुठली, हे मात्र एका होडीने ठरवले. ती होडी पहिल्या खेपेस मिळाली, दुसऱ्या खेपेस मिळाली नाही, एवढ्यावरून माझा चुलतभाऊ पोर्तुगीज झाला आणि मी नाही.

आजोबा मूळचे सिंधुदुर्गातले. पोर्तुगीज अमलात ते गोव्यात, पेडण्याला, एका भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या काजूच्या बागेत कामाला आले आणि त्याच्याच जमिनीत घर बांधून राहिले. आजीचे माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असा रिवाज, म्हणून आजी सातव्या महिन्यात होडीत बसली आणि माझे वडील पलीकडे, भारतात जन्मले. पाच वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हाही तिने बोचके बांधले. पण तोवर दोन्ही सरकारांचे बिनसले होते, नाका बंद होता आणि परवाना मिळेना. ती रागारागाने घरीच बाळंत झाली. तो माझा काका. हुकलेल्या माहेरपणाबद्दल आजी मरेपर्यंत दोन्ही सरकारांना एका दमात शिव्या देत असे.

गोवा मुक्त झाला, सगळेच भारतीय झाले, आणि पुढे कित्येक वर्षे या गोष्टीला आजीच्या रागापलीकडे काही किंमत नव्हती. मग म्हापशाचा एक एजंट गावात येऊ लागला. पोर्तुगीज काळात गोव्यात जन्मलेल्याची नोंद लिस्बनला करता येते, मग त्याच्या मुलांचीही, आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडात काम करता येते, असे तो सांगे. काकाची जन्मनोंद जुन्या दप्तरात सापडली. माझ्या वडिलांची सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

चुलतभाऊ पेडण्याच्या स्टँडवर पायलट होता, म्हणजे मोटरसायकलवरून भाडी मारायचा. दहावीला तो इंग्रजीत दोनदा नापास झाला. दुसऱ्या वेळी त्याची शिकवणी मी घेतली होती, हेही सांगितले पाहिजे. मी इंग्रजीचा शिक्षक. लंडनच्या गल्ल्या, तिथले धुके, बोर्डिंगांतले थंड मटण हे सगळे मी कादंबऱ्यांतून इतके वाचले होते की एखाद्या स्टेशनवर उतरवले असते तर रस्ता न विचारता चाललो असतो. आणि जाणार होता हा, ज्याला भूतकाळ आणि भविष्यकाळ यांतला फरक मी सहा महिने समजावला होता.

तो रोज संध्याकाळी येऊन विचारी, “दादा, थंय थंडी खूप आसता मां?”

“खूप,” मी म्हणे. “माणसां मरतत.”

तो हसे. त्याचे हसणे मला तेव्हापासून आवडेनासे झाले. लोकही विचित्र वागू लागले. काकाने आयुष्यभर दुसऱ्यांचे नांगर धरले होते. त्याला तिठ्यावरची मंडळी आता “पात्रांव”, म्हणजे मालक, म्हणू लागली. आधी थट्टेने, मग थोडे कमी थट्टेने. काकीने जनेलांना पडदे लावले. अजून काहीच झाले नव्हते, नुसता अर्ज करायचा होता, तरी पडदे लागले.

पण एक अडचण निघाली. आजोबा काकाच्या जन्माची नोंद करायला चौथ्याच दिवशी गेले होते. बारसे व्हायचे होते, बाळाला नाव नव्हते. कारकुनाने नाव सांगितल्याशिवाय लिहिणार नाही म्हटल्यावर आजोबांनी घाबरून डोक्यात आले ते सांगितले, आणि त्यांच्या डोक्यात कायम भाटकार असे. बाराव्या दिवशी आत्याने पाळण्यात भलतेच नाव ठेवले. त्यामुळे पोर्तुगालच्या लेखी काका भाटकाराच्या नावाने जगत होता. नोंदीतला मुलगा आणि हा माणूस एकच, असे प्रतिज्ञापत्र घरातल्या थोरल्याने द्यायला हवे, असे एजंट म्हणाला. थोरले म्हणून जिवंत होते फक्त माझे वडील. ते काकाच्या जन्मावेळी पाच वर्षांचे होते. पण एजंटाला चालत होते.

घरातले सगळे अर्ज मी लिही, तसा हाही माझ्याकडे आला. मजकूर अर्ध्या तासाचा होता. मी तो लिहिला, टाईप करून आणला आणि कपाटात ठेवला. मग सांगितले की योग्य किमतीचा स्टँप पेपर मिळत नाही. मग वडिलांना ताप होता. मग नोटरी गावाला गेला होता. यांतला ताप खरा होता, दोन दिवसांचा. चतुर्थीला आलेला कागद दिवाळी उलटली तरी कपाटातच होता. मी काही वाईट करतो आहे असे मला वाटत नव्हते. मी फक्त काही करत नव्हतो. एजंट घाई करत होता, नियम कधी बदलतील सांगता येत नाही म्हणत होता, आणि मी त्या बदलाची बातमी रोज वर्तमानपत्रात शोधत होतो.

शेवटी काकी आली. हातात उंडे-पावांची पिशवी, म्हणजे रिकाम्या हाताने आली असे कोणी म्हणायला नको. वडील ओसरीवर बसले होते.

“काय रे बाबू, कागद जालो?”

“करतंय, काकी. त्या नोटरीचा...”

“नोटरी काल माका बाजारात गावलो. मासळेचो भाव करी होतो.” तिने पिशवी माझ्या हातात दिली. “बरोबर आसा तुझा. तुझ्या बापाशीक म्हायरचा तूप गावला. आमच्या वांट्याक घरची पेज. आता पेजेक भाव इलो, तर तुमच्या पोटात कित्याक दुखता?”

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. वडील माझ्याकडे वळले.

“कागद खंय आसा?”

“कपाटात.”

“कधीपासून?”

मी सांगितले.

“तुका जांवचा होता?”

मी हो म्हटले. शाळेत वर्षानुवर्षे नीट उत्तरे घेतलेला माणूस दुसरे काय म्हणणार.

“माकाय,” वडील म्हणाले. “चार घरां सोडून सगळी दुबईक नायतर विलायतेक गेली. माकाय व्हया होता. आवशीक सांगाक व्हया होता, होडयेत बसू नको म्हणान.” मग त्यांनी चष्मा लावला. “हाड तो. नोटरीकडे आत्ताच जावया.”

गेलो. वडिलांनी सावकाश, शाळेतल्यासारखी सही केली. माझा मत्सर त्यामुळे कमी झाला असे नाही. त्याला सोबत मिळाली इतकेच.

पुढे दोन वर्षांनी चुलतभाऊ गेला. लिस्बन त्याने अजून पाहिलेले नाही. इंग्लंडात एका गोदामात खोकी भरायचे काम मिळाले. लाल बसपुढे उभा राहिलेला फोटो त्याने पाठवला, तो मी तीन वेळा मोठा करून पाहिला. मागच्या दुकानाची पाटी वाचायला, असे मी बायकोला सांगितले. घरमालकाची, नगरपालिकेची, बँकेची पत्रे तो मोबाईलवर फोटो काढून मला पाठवी. “दादा, ह्यात काय म्हटल्यानी?” मी शाळेच्या मधल्या सुट्टीत उत्तरे लिहून देई. माझे इंग्रजी अशा रीतीने इंग्लंडात नियमित जात राहिले.

यंदा तो चतुर्थीला यायचा होता. मोप्याला विमानतळ झाल्यापासून घर तिथून अर्ध्या तासावर आले आहे. पण पोर्तुगीज झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागतो, आणि भारतात येण्याच्या कायमच्या परवानगीचे कार्ड काढायचे तो विसरला होता. म्हणून व्हिसा हवा होता. अर्ज अर्थात मीच भरला. जन्मस्थळ पेडणे लिहिले. राहण्याचे ठिकाण म्हणून हॉटेलचे नाव मागितले होते, तिथे काकाच्या घराचा पत्ता घातला. भेटीच्या कारणासाठी एक यादी होती. तिच्यात गणपती नव्हता, म्हणून मी पर्यटन निवडले.

मंजुरी तीन दिवसांत आली. मुक्कामाची मुदत तीस दिवस.