कपड्यांची दोरी

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलचं जुलैचं ऊन असं, की पापड तासाभरात कडकडीत वाळावेत. अशा उन्हात मी दारंखिडक्या लावून, एसी चालवून, ड्रायरमध्ये कपडे वाळवते. आमच्या कॉलनीत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे. घरमालकांच्या संघटनेचा तसा नियमच आहे. हा मूर्खपणा मला कित्येक वर्षं डाचत होता. यंदा शनिवारी सकाळच्या मीटिंगमध्ये नियम बदलायचा ठराव मी मांडलाच.

आपण जिंकणार अशी माझी खात्री होती. निम्मी कॉलनी आपलीच, पुण्या-नागपूरची. घरटी इलेक्ट्रिक गाडी, छतावर सोलर. पृथ्वी वाचवण्यावर कुणीही तासभर बोलेल. त्यांना दोरी पटवायला कितीसा वेळ लागणार?

फुकटचं ऊन सोडून आपण वीज जाळतो, एवढंच मी बोलले. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "अगं, इथे येऊनही चाळच करायची का?" दोऱ्या दिसल्या तर घरं विकताना भाव पडेल, असा मुद्दा कुणीतरी काढला. मग ठरावाच्या बाजूने दोनच हात वर झाले. एक माझा, दुसरा समोरच्या अमेरिकन आजींचा, ज्यांना सोलर परवडलं नव्हतं. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचा हात मांडीवरच होता.

हा माणूस ऑफिसात पर्यावरणाचं काम बघणाऱ्या ग्रीन टीमचा लीड आहे. घरात पाऊल टाकताच मी तोंड सोडलं. गाडी काय मिरवायला घेतलीस का, असंही विचारलं. तो बूट काढत ऐकत होता.

"हो, मिरवायलाच," तो म्हणाला. "लहानपणी आमच्या दोरीवर बाबांचा फाटका बनियन असायचा, आईचे ठिगळ लावलेले परकर. शाळेत जाणारी सगळी पोरं बघत जायची. गाडी दिसली तर मला बरं वाटतं. दोरी नाही दाखवू शकत, यार."

वीजबचतीचे सगळे मुद्दे माझ्याकडे तयार होते. पण हा मुद्दा विजेचा नव्हताच. या कॉलनीत किती जणांच्या मनात अशी एकेक दोरी असेल, आणि ती कुठल्या ठरावाने सुटणार, असं मनात आलं. पुन्हा ठराव मांडायची उमेद माझ्यात उरलेली नाही.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. वॉशरमधले ओले कपडे मी बाहेर काढले. त्याने ते माझ्या हातातून घेतले आणि ड्रायरमध्ये टाकले. थोड्या वेळाने ड्रायरमुळे घर तापलं, तेव्हा त्याने एसी वाढवला.