माझं कोरं कपाळ

आज दुपारी आमच्या तेर गावाहून धाराशिवला गेले होते. माझ्या दिराची मुलगी प्रज्ञा तिथं कॉलेजात चित्रकला शिकते. "काकू, वर्गाला व्यक्तिचित्र काढायचंय. समोर बसता का?" म्हणाली. मला बरं वाटलं. चांगली साडी नेसले, टिकली लावली. नवरा गेल्यावरही मी ती लावते. त्यांना आवडायची.

सरांनी मला खुर्चीत बसवलं आणि मुलांना सांगितलं, "विषय आहे विधवा." मग माझ्याकडं वळले. "मावशी, तेवढी टिकली काढा. दुःख दिसंना तुमचं."

"मला दिसतंय की," मी म्हणाले आणि टिकली तशीच ठेवली. मुलं हसली.

मान अवघडेपर्यंत बसले. शेवटी उठून कागद पाहिले, तर एकाही चित्रात टिकली नव्हती.

"प्रज्ञे, तूपण?"

"मार्क जातात हो काकू. आणि बघा ना, लई भारी आलंय."

सरांनी तिचंच चित्र भिंतीवर लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवरा गेला त्या दिवशी बायकांनी माझं कुंकू पुसलं होतं. त्या निदान रडत तरी होत्या.

तुमच्यात कुणी चित्रकला शिकवत असेल तर सांगा. समोर बसलेलं माणूस आहे तसं काढायला कितव्या वर्षाला शिकवतात?