शेंदूर लागलेलं रिव्हॉल्व्हर

खंडेनवमी, सकाळ. काम एकच: एका रिव्हॉल्व्हरच्या नळीचं मागचं तोंड गुळगुळीत करणं, आणि तेही पूजेआधी. हत्यारं, अवजारं एकदा पाटावर मांडली की दसऱ्याचा सूर्य उगवेपर्यंत आमच्या घरी त्यांना कुणी हात लावत नाही.

यवतमाळातलं हे बंदूकदुरुस्तीचं दुकान सासऱ्यांचं. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. रिव्हॉल्व्हर होतं दारव्ह्याकडच्या तांड्यातल्या एका माजी सैनिकाचं. तो आता एका एजन्सीकडे सुरक्षारक्षक आहे. सिलिंडरमधून गोळी नळीत शिरते तिथं नरसाळ्यासारखा निमुळता भाग असतो. तो खरबरीत झाला की गोळीचं शिसं खरवडतं आणि बाजूनं किरचा उडतात. एजन्सीच्या मागच्या नेमबाजी चाचणीत एक किरच शेजारच्याच्या गालाला लागली. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं एजन्सीनं त्याला बजावलं होतं. नवी चाचणी दसऱ्याच्या सकाळी होती, कारण कापसाच्या जिनिंग कारखान्यावरची ड्यूटी दुपारी खरेदीच्या मुहूर्ताला सुरू होणार होती.

पितळी शंकूला तेल आणि बारीक पेस्ट लावून मी हातानं फिरवत बसले. मशीननं हे काम लवकर होतं आणि नळी त्याहून लवकर वाया जाते. मधूनच रुईचा बोळा आत फिरवायचा. तंतू अडकला की अजून घासायचं. दुपारी तंतू अडकेनासे झाले. नळी उजेडाकडे धरली, तर आत नव्या वाटीसारखी चकाकी. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी एक गिरकी घेतली. मग अजून एक. सिलिंडर उघडं ठेवून आंघोळीला गेले.

परत येते तर सासूबाईंची पूजा आटोपलेली. पाटावर रिव्हॉल्व्हर, झेंडूचं फूल, आणि नळीच्या दोन्ही तोंडांत बोटानं भरलेला ओला शेंदूर. ताज्या घासलेल्या पोलादावर रात्रभर पाणी राहिलं तर गंज ठरलेला, आणि सकाळपर्यंत पुसायची सोय नाही. तेवढ्यात रिव्हॉल्व्हरवाला माजी सैनिकही दारात आला. पाटाकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

मी सासूबाईंना विचारलं, शेंदूर पाण्यात कालवला का?

"पाण्यात काहून कालवू? मारुतीले पाण्यातला शेंदूर लावते काय कोणी? तेलातला हाय."

तेल. बंदुकीला रात्री लावायचं तेच, फक्त भगवं. मला हसू फुटलं ते आवरेना. मी ओट्यावरच बसले. तो पाटाशी वाकून म्हणाला, "वहिनी, हत्याराचा त मारुती झाला. आता उद्या लंका जाळते का मले जाळते, तेवढं पाहा." सासूबाई म्हणाल्या, हसता काय येड्यांनो, पाया पडा. आम्ही पडलो, पण हसतच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नळी रॉकेलनं धुतली, कोरडी केली आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून चाचणीला गेले. सिलिंडरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला. त्यानं सगळ्या गोळ्या झाडल्या. पुठ्ठा कोराच राहिला. एजन्सीच्या साहेबानं त्याला ड्यूटीवर जायला सांगितलं. मग मी समोरच्या टपरीवर गरम आलूबोंडा खाल्ला, घरी नैवेद्य व्हायच्या आधीच.