पोटॅटोजींचा रणगाडा

इंटरनेटवर खरं बोलणारा अख्ख्या एडमंटनमध्ये एकच माणूस आहे आणि तो आमच्या बरोब्बर वरच्या कॉन्डोत राहतो. मी त्यांना काका म्हणते. मूळचे नागपूरचे, इथे कॅनडात सरकारी खात्यात तीस वर्षं पुलांची तपासणी करून निवृत्त झालेले, आंबेडकर असोसिएशनचे कायमचे सेक्रेटरी, आणि रोज दुपारी चारच्या ठोक्याला रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळात उतरणारे योद्धे. त्या खेळात जगभरचे लोक ड्रॅगन, यमदूत, काळं वादळ अशी नावं घेऊन हिंडतात. काकांनी मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं दहावीच्या मार्कशीटवर आहे तस्सं टाकलेलं. मी एकदा म्हटलं, "काका, एखादं टोपणनाव घ्या की." ते म्हणाले, "काहून? माह्या बापाला स्वतःची सही नव्हती येत, बेटा. मला शाळेत घालताना हे नाव त्यांनी मास्तरांकडून दोनदा लिहून घेतलं होतं. ते सोडून मी ड्रॅगन होऊ?" माझी स्वतःची त्या खेळाच्या नेटवर्कवर पाच खाती आहेत आणि पाचही नावं खोटी.

लढण्याची त्यांची रीतही न्यारी. शत्रूवर तोफ डागण्याआधी ते "जय भीम" असं टाइप करतात. ते टाइप होईस्तोवर शत्रूने यांचा रणगाडा उडवलेला असतो. त्याहून मोठी पंचाईत पुलांची. खेळात पूल दिसला की काका थांबलेच. नदीकाठाने खाली जायचं, खांब निरखायचे, गंज कुठवर चढलाय ते बघायचं. एकदा सगळी पलटण किल्ल्याला भिडलेली असताना हे मागे राहून कळवत होते की या पुलाचे जॉइंट गेलेत, एका वेळी एकच गाडी न्या. असल्या माणसाला कोण ठेवून घेणार? पाच-सहा पलटणींनी हाकलल्यावर त्यांना एक जोडीदार मिळाला. त्याचं नाव "सॉल्टी पोटॅटो". काका त्याला आदराने पोटॅटोजी म्हणत.

पोटॅटोजी कधी बोलत नसे, फक्त इंग्रजीत टाइप करी. बाई की पुरुष, म्हातारा की तरणा, कशाचा पत्ता नाही. पण पूल आला की न कुरकुरता थांबे आणि विचारी, "आज काय म्हणतोय पूल?" दोन वर्षं दोघं असे रमतगमत हरत होते. आमचे काका म्हणजे लिफ्टमध्ये परक्या माणसाच्या पिशवीतली ग्रोसरी मोजणारे, पण पोटॅटोजीला त्यांनी नाव विचारलं नाही. "आज फेरीबोट चुकली", "इथे आठ वाजले, जेवायला जातो" अशा वाक्यांवरून आणि घड्याळातल्या तीन तासांच्या फरकावरून तो पार पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सचा असल्याचं मात्र त्यांनी ताडलं आणि खाली येऊन मला ते एवढ्या आनंदाने सांगितलं की मला चहाच करावा लागला.

मग एका मंगळवारी पोटॅटोजीने लिहिलं, "परवा हृदयाचं ऑपरेशन आहे. आठवड्याने येतो. तोवर माझा रणगाडा गरम ठेव." आणि दुसऱ्याच दिवशी खेळाच्या नेटवर्कवर चोरी झाली. खेळाडूंची नावं, पत्ते, पासवर्ड कोणीतरी पळवले आणि कंपनीने घाबरून सगळं बंदच करून टाकलं. इमारतीतली तरणी मंडळी सैरभैर झाली. कोणी बँकेला फोन लावत होतं, कोणी अचानक जिममध्ये दिसू लागलं, एकाने तर कंटाळून पार्किंगमधला सगळा बर्फ फावड्याने उपसला. काकांना चोरीचं काहीच नव्हतं. "माझं नाव पहिलेपासूनच उघडं आहे, चोरणार काय?" पण आठवडा उलटला तसं त्यांचं जेवण कमी झालं. एकदा तर त्यांनी हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात फोन लावला. "हॅलो मॅडम, माय फ्रेंड इज अ हार्ट पेशंट. नेम? पोटॅटो." पलीकडून फोन ठेवला गेला.

मला ते बघवेना. माझं कामच कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं. चोरलेली यादी कुठे फिरते आहे हे मला ठाऊक होतं. मी वर जाऊन म्हटलं, "काका, पोटॅटोचं खरं नाव दोन मिनिटांत सांगते." ते ताडकन उठले. दोन वर्षांचं कुतूहल चेहऱ्यावर मावत नव्हतं. मग हळूच परत बसले. "नको बेटा. त्यानं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. चोरानं सांगितलेलं नाव घेऊन मी काय करू?" मग खाली बघत म्हणाले, "त्या यादीत माणूस जिवंत आहे का, ते तर नसते ना?" मी म्हटलं, "नाही, काका." "मग राहू दे."

चौथा आठवडा उजाडला. मी त्यांच्याकडे वरण-भात घेऊन गेले होते तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर एका म्हाताऱ्या बाईचा बारीक, दमलेला आवाज. तिने काकांचं नाव वाचलं, मग वडिलांचं, मग आडनाव. प्रत्येक नावाची मोडतोड केली, पण एकही गाळलं नाही. "आय प्रॅक्टिस्ड ऑल मॉर्निंग," ती म्हणाली. "धिस इज पोटॅटो. दे फिक्स्ड मी." खेळातलं ते नाव इंटरनेटवर शोधल्यावर तिला असोसिएशनच्या आंबेडकर जयंतीचं पत्रक सापडलं होतं आणि त्यावर सेक्रेटरीचा फोन नंबर होता. काका उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "पोटॅटोजी, युवर टँक इज वॉर्म."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "नाव विचारलंत का?" डोळे पुसत म्हणाले, "राहूनच गेलं, बाप्पा."

पुढच्या आठवड्यात नेटवर्क सुरू झालं. सगळ्यांना नवा पासवर्ड घ्यायचा होता आणि हवं तर नवं नावही. मी स्क्रीनसमोर बसले. उद्या मी चार दिवस दिसले नाही, तर माझ्या पाच नावांवरून कोण कुठे फोन लावणार? वर काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चार वाजले होते. मी सगळं खोडलं आणि माझं नाव लिहिलं. मग बाबांचं. इथल्या कुठल्याच फॉर्मवर ते मागत नाहीत, त्यामुळे ते लिहून फार वर्षं झाली होती.