सुक्याच्या बदल्यात भात

“आधी खालचं वाच, मंग फासा देतो,” असं म्हणत दादा फासे मुठीत दाबून धरायचे. खालचं म्हणजे नियमांच्या कागदाच्या तळाशी लिहिलेलं: हा खेळ कुणीही छापावा, बदलावा, विकावा, फक्त बनवणाऱ्याचं नाव ठेवावं आणि बदललेला खेळही लोकांना असाच मोकळा द्यावा. आता तुम्हीच सांगा, जेवणाच्या सुट्टीत हे परवान्याचं पुराण कोण वाचणार? पण मोठ्यानं वाचल्याशिवाय फासा नाही म्हणजे नाही.

दादा सातपाटीचे. नोकरी बोईसरला, आमच्याच कारखान्यात, पॅकिंगला. टाकाऊ पुठ्ठ्यावर त्यांनी मासेमारीचा हा खेळ बनवला होता. भरती, ओहोटी, जाळी, बर्फ, सगळं झकास. पण पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि खेळाडूंनी नुसतं बसून राहायचं!

“दादा, हा खेळ आहे की शिक्षा?” मी एकदा वैतागून विचारलं.

“पावसात होडी जाते काय? नाय ना? मंग बस.”

हा कंटाळा घालवला मासवणच्या एका अंगणवाडीच्या बाईंनी. खेळाची एक प्रत फिरत फिरत त्यांच्याकडे पोचली होती. मुलं गप्प बसेनात, म्हणून त्यांनी नियम घातला: पावसाळ्यात सुकी मासळी घेऊन आतल्या गावांत जायचं आणि बदल्यात भात आणायचा. या भागात पूर्वी असंच चालायचं. बाईंनी त्यासाठी पत्तेही स्वतः रंगवले आणि दादांना पाठवले. दादांनी त्या आनंदात आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये भजी खिलवली.

खेळाला खरा रंग चढला तो त्यानंतर. मुंबईची एक खेळण्यांची कंपनी तो छापायला तयार झाली. रंगीत खोका, दुकानात मांडलेला, वर आपलं नाव! दादांना दुसरं काही सुचेना. पण करारात दोन कलमं होती. खेळ सर्वस्वी एकट्या दादांचा आहे, आणि यापुढे तो दुसरं कुणीही छापणार नाही.

“पयलं खोटं हाय,” दादा म्हणाले, “आणि दुसरं आता माज्या हातात नाय. लोकांना देऊन टाकलेलं परत कसं मागू?”

कंपनीचा माणूस मोठा गोडबोल्या. म्हणाला, “अहो, नियमाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. बाईंचे पत्ते काढा, नियम तुमच्या शब्दांत लिहा. कायदा कुठे अडवतोय?”

“कायदा नाय अडवत हो. पण त्या बाईला काय तोंड दाखवू?” मग दादाच त्याची समजूत काढू लागले. “तुमाला माजी सही कशाला पायजे? खालचं वाचा. आमा दोगांची नावं टाका नि खुशाल छापा.”

“आणि उद्या दुसऱ्यानं छापला तर?”

“छापू दे की!”

तो माणूस चहा अर्धा टाकून उठला. मी तर दादांवर असा भडकलो की विचारू नका. ते घरी जाताना रिक्षात एवढंच म्हणाले, “खोका चांगला झाला असता रे.”

गेल्या वर्षी दादा वारले. आता जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा पालघरच्या बाजारात, एका दुकानात, बाहुल्यांच्या शेजारी तो खोका दिसला. नागपूरच्या कुणा छोट्या छापखान्यानं कुणालाही न विचारता छापला होता, आणि विचारायची गरजही नव्हती. झाकणावर होडी, होडीखाली दोन ठळक नावं: दादांचं आणि मासवणच्या बाईंचं. माझे डोळे भरून आले. दुकानदार घाबरून म्हणाला, “भाऊ, महाग वाटतोय का?”

तसाच सातपाटीला वहिनींकडे गेलो. त्यांनी पदराला हात पुसले, खोका मांडीवर घेतला आणि दादांच्या नावावरून बराच वेळ बोट फिरवलं. मग बोट खालच्या नावावर आलं आणि थांबलं.

“आणि ही बाई कोण हाय?” वहिनींनी विचारलं.