गिलाव्याआडचा पाइप

नळकाम करणारे काका तीस वर्षं अडचण दिसली की पाइप जरा सरकवत आले होते. कुणाला सांगायची सवयच नव्हती. या इमारतीत मात्र सगळ्यांची कामं संगणकावरच्या एकाच चित्रात जुळवत. सकाळच्या बैठकीत पडद्यावर त्यांना आपला पाइप जुन्याच जागी दिसला. खरा पाइप आता दुसऱ्याच जागी गिलाव्याआड होता आणि वरच्या मजल्यावर वायरमन चित्र बघून नेमका तिथेच ड्रिल मारत होता. बोलावं, तर कामच जायचं; न बोलावं, तर पाइप फुटायचा.

"थांबवा त्याला! पाइप मी हलवलाय!"

"कधी, काका?" इंजिनीअर मुलीने विचारलं.

"सोमवारी."

"आणि आज सांगताय?" तिने फोन लावला. वरची घरघर थांबेपर्यंत काका छताकडे बघत राहिले.

"वाचलो," ती म्हणाली. "बसा इथे, नवी जागा तुम्हीच चित्रात टाका."

काकांनी माउस धरला आणि सगळ्यांसमोर पडद्यावरचा पाइप जरा सरकवला.